पर्यटकांनी केलेली मोडतोड आणि अनामत रक्कम: किती कापावे, कशाच्या आधारावर?

ओटीवरचा (धागाकर्ता)

आमचे आंजर्ल्याचे घर वडिलोपार्जित आहे. जांभ्याच्या भिंती, मंगलोरी कौले, पुढे तांबड्या कोब्याची ओटी आणि ओटीवर आजोबांच्या वेळचा सागवानी झोपाळा. घरात आता कायम कुणी राहत नाही, म्हणून चार वर्षांपूर्वी आम्ही ते पर्यटकांना दिवसाच्या भाड्याने द्यायला सुरुवात केली. भाडे रात्रीला ८,००० रुपये, माणसे दहापर्यंत, आणि किल्ली देण्याआधी ५,००० रुपये अनामत यूपीआयने घ्यायची व निघताना परत करायची, एवढाच रिवाज होता. लेखी करार असा नव्हता. आरक्षण पक्के झाले की "मोडतोड झाल्यास अनामत परत मिळणार नाही" असे एक वाक्य व्हॉट्सॲपवर पाठवत असू.

गेल्या महिन्यात दहा जणांचा एक गट आला होता. शनिवारी रात्री झोपाळ्यावर एकाच वेळी सहा-सात जण बसले आणि तुळईतला डावीकडचा लोखंडी आकडा उपटून आला. तुळईचे लाकूड वीतभर चिरले, झोपाळ्याच्या फळीचा कोपरा जमिनीवर आपटून फुटला. सुदैवाने कुणाला लागले नाही. त्याच रात्री शेगडी अंगणात न पेटवता ओटीवरच पेटवल्यामुळे कोब्यावर परातीएवढा काळा डाग पडला आहे आणि त्यातून एक तडा गेला आहे. एका चादरीवर हळदीचे डाग आहेत, ते वेगळेच.

सुताराने झोपाळ्याचे आणि तुळईचे मिळून ६,५०० रुपये सांगितले, कोब्याचा अंदाज अजून आलेला नाही. मी पूर्ण अनामत ठेवून घेतली. गटातल्या ज्यांनी पैसे भरले होते त्यांचे म्हणणे असे, की झोपाळा जुना होता, किती जणांनी बसावे हे कुणी सांगितले नव्हते, आणि घरात बसायला ठेवलेल्या वस्तूवर बसल्याबद्दल दंड कसला? अनामत परत न केल्यास सविस्तर परीक्षण लिहू, असेही त्यांनी कळवले आहे. माझे चुकले का, आणि यापुढे अनामत किती घ्यावी व कोणत्या रीतीने कापावी, याबद्दल अनुभवी मंडळींनी लिहावे.

तीन_खोल्या_नागाव

आम्ही नागावला सात वर्षे बंगला चालवतो, तेव्हा मोडतोडीचे बहुतेक प्रकार पाहून झाले आहेत. तुमच्या प्रश्नाचे उत्तर अनामत किती होती यापेक्षा पाहुणे येण्याआधी तुम्ही काय केले होते यावर अवलंबून आहे, आणि तुम्ही लिहिले आहे त्यावरून तुम्ही काहीच केलेले नव्हते. कडू वाटेल, पण "मोडतोड झाल्यास अनामत परत मिळणार नाही" या वाक्यात पाचशे रुपयांचा पेला आणि पन्नास हजारांचा दूरदर्शन संच एकाच मापाने मोजले जातात. असे वाक्य वाचून पाहुणा सावध होत नाही, आणि वाद झाला तर तुमच्याही उपयोगी पडत नाही.

आमच्याकडे प्रत्येक गट येण्याआधी राखणदार फोन हातात धरून सगळ्या खोल्यांतून फिरतो आणि न थांबता एकच चित्रफीत घेतो. भिंती, गाद्यांची वरची बाजू, न्हाणीघरातले आरसे, एसीचे रिमोट, फ्रिजच्या आतल्या काचा, तरणतलावाच्या कडेच्या फरशा असे सगळे त्यात येते. पाच मिनिटांचे काम आहे. ती चित्रफीत पाहुण्यांनाच पाठवतो आणि "यात न दिसलेले काही बिघडलेले आढळल्यास दोन तासांत कळवावे" असे खाली लिहितो. पाहुणे निघताना त्यांच्यातल्या एकाला बरोबर घेऊन पुन्हा तोच फेरा मारायचा. गेल्या तीन वर्षांत वाद झालेच नाहीत असे नाही, पण "हे आधीपासूनच होते" हे वाक्य ऐकू येणे जवळपास बंद झाले.

दुसरे म्हणजे दरपत्रक. हरवलेली किल्ली, रिमोट, फुटलेला पेला, जळलेली गादी यांचे आकडे आरक्षणाच्या वेळीच पाठवावेत. हळदीचे, मेंदीचे, कोळंबीच्या कालवणाचे डाग मात्र त्यात घेऊ नका. दहा माणसे दोन दिवस जेवणार म्हणजे चादरी डागाळणारच; तो खर्च भाड्यात धरायचा असतो.

आणि एवढे करूनही अनामत पुरत नाही, अशी वेळ येते. आमच्या तरणतलावात एका गटाने बिअरची बाटली फोडली. पाण्यात काच दिसत नाही आणि गाळणीने सगळे तुकडे निघत नाहीत, त्यामुळे तलाव पूर्ण उपसण्यावाचून इलाज नसतो. आमचा तलाव वीस फूट बाय दहा फूट, खोली चार फूट, म्हणजे ८०० घनफूट, साधारण २२,६०० लिटर पाणी. दहा हजार लिटरचे दोन टँकर आणून तिसऱ्यातलेही थोडे लागले, वर उपसा, तळ हाताने पुसून घेणे आणि रसायने. पुढच्या दिवशीचे आरक्षण रद्द करावे लागले ते निराळे. अनामत होती १०,००० रुपये. पाणी आणि मजुरी यांची पावती दाखवून तेवढेच कापले. बुडालेले भाडे मागितले नाही, कारण त्याबद्दल आमच्या अटींत एक अक्षर नव्हते. आता आहे.

चिपळूणहून_पुढे

थोडे वेगळे मत मांडतो. आम्ही गुहागरजवळ राज्याच्या पर्यटन विभागाच्या निवास व न्याहारी योजनेखाली दोन खोल्या देतो आणि अनामत अजिबात घेत नाही. आम्ही त्याच घरात राहतो, आई सकाळी आंबोळ्या घालते, आणि आजी माजघरात बसलेली असताना पाहुण्यांच्या हातून फारसे काही फुटत नाही. मोडतोडीचे मूळ बहुतेक वेळा मालक जागेवर नसण्यात असते आणि त्याची भरपाई तुम्ही अनामतीतून करू पाहता, असे मला वाटते. अर्थात हे सगळ्यांना जमण्यासारखे नाही, याची कल्पना आहे.

सिंहगडरोडकर

आता पाहुण्यांच्या बाजूनेही कुणीतरी लिहायला हवे. आम्ही चार कुटुंबे गेल्या पावसाळ्यात लोणावळ्याजवळच्या एका बंगल्यात उतरलो होतो. अनामत १५,००० रुपये, म्हणजे एका रात्रीच्या भाड्याहून जास्त. निघताना राखणदाराने सगळे पाहून "ठीक आहे" म्हटले. तिसऱ्या दिवशी मालकाचा निरोप आला, की गिझर जळाला आहे, सोफ्यावर डाग आहे आणि एका दाराचे कुलूप बिघडले आहे, म्हणून ११,००० रुपये वजा केले. सोफ्याच्या डागाचे जे छायाचित्र पाठवले, त्यात मागच्या खिडकीला आम्ही असताना नव्हते ते पडदे होते. गिझर तर आम्ही पोहोचलो तेव्हाच थंड पाणी देत होता आणि तसे आम्ही राखणदाराला तोंडी सांगितलेही होते. तोंडी सांगितले, हीच आमची चूक. दोन आठवड्यांच्या निरोपानिरोपीनंतर निम्मे पैसे आले.

त्याच प्रवासात शेजारच्या बंगल्यातल्या मंडळींना पैशांचा वाद मिटेपर्यंत फाटकाबाहेर गाडी काढू दिली नाही, हेही डोळ्यांनी पाहिले. लहान मुले गाडीत बसलेली, आणि फाटकाला कुलूप. या प्रकाराला कायद्यात काही नाव आहे का, हे इथल्या जाणकारांनी सांगावे.

धागाकर्त्यांना एवढेच विचारतो, की झोपाळ्याचा तो आकडा किती वर्षांचा होता? समुद्रापासून हाकेच्या अंतरावरच्या घरात लोखंडाचे काय होते, हे तुम्हाला आमच्यापेक्षा जास्त ठाऊक असणार.

काळा_डगला

व्यवसायाने वकील आहे. पुढील मजकूर सर्वसाधारण माहिती म्हणून वाचावा.

आधी फाटकाबद्दल. एखाद्याला जाण्याचा हक्क आहे त्या दिशेने जाऊ न देणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १२६ खालचा अपराध आहे, आणि ठरावीक हद्दीबाहेर पडूच न देणे हा कलम १२७ खालचा. पैसे येणे असले तरी मालकाला हा मार्ग उपलब्ध नाही. उलट बाजूने, पाहुण्यांकडून अपघाताने झालेली मोडतोड हा फौजदारी अपराध होत नाही. कलम ३२४ मधल्या आगळिकीसाठी, म्हणजे मालमत्तेच्या नुकसानीच्या अपराधासाठी, नुकसान करण्याचा हेतू, किंवा आपल्या कृत्याने नुकसान होण्याचा संभव आहे याची जाणीव असावी लागते. त्यामुळे झोपाळा तुटला म्हणून पोलीस ठाण्यात जाण्याने काही साधणार नाही. हा दिवाणी स्वरूपाचा, हिशेबाचा विषय आहे.

हिशेबाचे मूळ सूत्र भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ७४ मध्ये आहे. करारात भंगासाठी एखादी रक्कम नमूद केलेली असली, तरी ती रक्कम म्हणजे कमाल मर्यादा समजायची आणि तिच्या आत राहून वाजवी भरपाई द्यायची, असे ते कलम सांगते. फतेहचंद विरुद्ध बालकिशनदास या १९६३ च्या निकालापासून सर्वोच्च न्यायालयाने हे सूत्र आधीच भरलेल्या रकमेच्या जप्तीलाही लावले. २०१५ च्या कैलाशनाथ असोसिएट्स प्रकरणात तर दिल्ली विकास प्राधिकरणाने जप्त केलेले ७८ लाख रुपये परत करण्याचा आदेश झाला, कारण तोच भूखंड पुढे कितीतरी जास्त किमतीला विकला गेला होता आणि प्राधिकरणाचे नुकसान झालेलेच नव्हते. रक्कम लाखांची असो की पाच हजारांची, तत्त्व तेच आहे: "मोडतोड झाली, म्हणून सगळी अनामत माझी" ही भूमिका टिकत नाही. किती नुकसान झाले ते दाखवावे लागते.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये कलम २(४६) खाली "अनुचित करार" अशी व्याख्या आहे. ग्राहकाकडून उघड उघड अवाजवी अनामत मागणे आणि झालेल्या नुकसानीशी अजिबात प्रमाण नसलेला दंड लावणे, हे दोन्ही प्रकार तिथे स्पष्ट लिहिलेले आहेत. यात एक बारकावा असा, की करारच अनुचित आहे अशी तक्रार राज्य ग्राहक आयोगापुढे करावी लागते. अनामत परत दिली नाही ही सेवेतली त्रुटी आहे, एवढेच म्हणणे असेल तर जिल्हा आयोग पुरतो आणि तिथे पाच लाख रुपयांपर्यंतच्या प्रकरणांना शुल्क नाही. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते. मालकाला मात्र पाहुण्याविरुद्ध ग्राहक आयोगात जाता येत नाही. त्याला दिवाणी दावा लावावा लागेल, आणि साडेसहा हजारांसाठी तो लावा असा सल्ला मी कुणालाही देणार नाही. म्हणजे व्यवहारात मालकाच्या हाती अनामत आणि पुरावा एवढेच असते.

छायाचित्रे आणि चित्रफिती मूळ स्वरूपात जपून ठेवाव्यात. न्यायालयात इलेक्ट्रॉनिक नोंदी दाखल करताना भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खालचे प्रमाणपत्र जोडावे लागते, आणि व्हॉट्सॲपवरून चार वेळा पुढे ढकलून दबलेली प्रत त्या वेळी उपयोगी पडत नाही.

टेम्सकाठचा

माझे घर वेंगुर्ल्याला आहे आणि मी इंग्लंडमध्ये राहतो, म्हणून दोन्हीकडची पद्धत माहीत आहे. इथे नेहमीच्या भाडेकरूची अनामत मालकाला नुसती घेऊन स्वतःकडे ठेवता येत नाही. एप्रिल २००७ पासून ती मान्यताप्राप्त योजनेखाली संरक्षित करावी लागते आणि वाद झाल्यास त्या योजनेतला त्रयस्थ कागद पाहून विनामूल्य निर्णय देतो. सुट्टीपुरत्या दिलेल्या घरांना मात्र हे लागू नाही, त्यामुळे या बाबतीत इथला पाहुणा आणि कोकणातला पाहुणा सारखेच. तरीही त्या त्रयस्थाची एक सवय मी उचलली आहे: वस्तूचे वय विचारायचे. १४,००० रुपयांची गादी सात वर्षे टिकेल असे धरले आणि ती चौथ्या वर्षाच्या शेवटी जळाली, तर राहिलेल्या तीन वर्षांचे ६,००० रुपये मागावेत, नव्या गादीचे नव्हेत. जुन्याच्या जागी नवे मिळवून मालकाने फायद्यात राहू नये, असा त्यामागचा विचार.

तीन_खोल्या_नागाव

वयाचा मुद्दा मान्य आहे, पण एक शंका राहते. आजोबांच्या झोपाळ्याचे वय कसे धरायचे? गादी दरवर्षी स्वस्त होत जाते, जुने सागवान महाग होते. तिथे वस्तूची किंमत बाजूला ठेवून फक्त दुरुस्तीचा खर्च मोजणे मला योग्य वाटते.

ॲपवरून आरक्षण घेणाऱ्यांसाठी एक पुरवणी जोडतो. एअरबीएनबी बहुतांश घरमालकांना वेगळी अनामत घेऊ देत नाही. त्याऐवजी पाहुणे गेल्यापासून १४ दिवसांच्या आत छायाचित्रे, पावत्या आणि अंदाजपत्रकासह भरपाईची मागणी त्यांच्या व्यवस्थेतून पाठवावी लागते. ती आधी पाहुण्याकडे जाते, त्याने पैसे दिले नाहीत तर कंपनीकडे. सर्वसाधारण झीज त्यात धरली जात नाही. सुतार कोकणातला असला की १४ दिवस कसे जातात, हे मी सांगायला नको.

ओटीवरचा (धागाकर्ता)

सर्वांचे आभार. सिंहगडरोडकर यांच्या प्रश्नामुळे मी जुने निरोप उघडून पाहिले आणि जे सापडले ते इथे लिहिल्याशिवाय धागा पुढे नेणे योग्य नाही. आमच्या घराची राखण करणाऱ्या काकांनी पावसाळ्यापूर्वीच मला लिहिले होते: "झोपाल्याचा डावीकडचा आकडा करकरतो. सुताराला दाकवू काय." त्यावर माझे उत्तर आहे, "दिवाळीनंतर बघू." हे मी साफ विसरलो होतो. काकांना काल फोन केला तेव्हा त्यांनी उपटलेला आकडा जपून ठेवला असल्याचे सांगितले आणि त्याचे छायाचित्र पाठवले. तुळईच्या आत असलेला भाग गंजून पेन्सिलीएवढा बारीक झाला आहे. बाहेरून दिसणारा भाग मात्र रंग दिल्यामुळे ठणठणीत वाटत होता. रंग मीच द्यायला सांगितला होता.

आता मला प्रश्न पडला आहे तो असा, की सहा-सात माणसे बसली नसती तर आकडा त्या रात्री तुटला नसता, हेही खरेच आहे ना?

काळा_डगला

खरे आहे, पण त्यावर फार विसंबू नका. धोका तुम्हाला कळवलेला होता आणि तुम्ही तो पाहुण्यांना सांगितला नाही, ही नोंद तुमच्याच फोनमध्ये आहे. कुणाला दुखापत झाली असती तर आज तुम्ही अनामतीबद्दल विचारत नसता. आकडा आणि तुळई यांचा खर्च पाहुण्यांकडून मागू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. फळीबाबत तडजोड होऊ शकते. कोब्याची बाब वेगळी आहे: ओटीवर निखारे पेटवू नयेत हे कुणी सांगायची गरज नसते.

सिंहगडरोडकर

धागाकर्त्यांनी तो निरोप स्वतः उघड केला, याबद्दल त्यांचे कौतुक वाटते. माझ्या बंगलेवाल्याने पडद्यांबद्दल अजूनही अवाक्षर काढलेले नाही.

एक सूचना करतो. आता त्या गटाला हिशेब पाठवताना नुसती वजावटीची रक्कम कळवू नका. सुताराची आणि गवंड्याची पावती, आणि तुम्ही स्वतःकडे घेतलेला खर्चही त्यात दाखवा. आम्हाला निम्मे पैसे परत मिळाले तेव्हाही राग गेला नाही, कारण राहिलेले निम्मे कशाचे हे कुणी सांगितलेच नाही.

ओटीवरचा (धागाकर्ता)

झाले ते कळवतो. आकडे आता दोन्ही बाजूंचे बदलले, तुळईला लोखंडी पट्टी मारली, हा सगळा खर्च मी घेतला. फळीचा कोपरा सुताराने जुन्याच सागवानाचा तुकडा सांधून दिला, त्याचे १,६०० रुपये झाले; त्यातले निम्मे, म्हणजे ८०० रुपये, पाहुण्यांकडे लावले. कोब्याचा तेवढा चौकोन फोडून गवंड्याने तांबडा रंग घालून पुन्हा केला, त्याचे २,२०० रुपये पूर्ण त्यांच्याकडे. रंग मूळ कोब्याशी जुळलेला नाही आणि कधी जुळणारही नाही, पण त्याचे पैसे कोणत्या हिशेबाने लावायचे हे मला सुचले नाही, म्हणून सोडून दिले. चादर सोडली. एकूण वजावट ३,००० रुपये, उरलेले २,००० रुपये यूपीआयने परत केले आणि सोबत दोन्ही पावत्या, गंजलेल्या आकड्याचे छायाचित्र व काकांच्या निरोपाबद्दल चार ओळी पाठवल्या.

दोन दिवस उत्तर आले नाही. नंतर "हिशेब मान्य आहे, शेगडीबद्दल क्षमस्व" असा निरोप आला. परीक्षणही त्यांनी लिहिले, चार तारे दिले आणि शेवटी "झोपाळ्यावर बसण्यापूर्वी विचारून घ्यावे" असे जोडले. ते मी तसेच राहू दिले आहे.

यापुढे अनामत ५,००० रुपयेच ठेवणार आहे. चित्रफीत घेणे सुरू केले, दरपत्रक एका पानात बसवले, आणि पाहुणे गेल्यापासून ४८ तासांत हिशेब किंवा पूर्ण परतावा, असे त्यात लिहिले. झोपाळ्याशेजारच्या खांबावर "एका वेळी चौघांनीच बसावे" अशी पाटीही लावली. पाटी लावून आठ दिवस झाले. काल पाहुणे असताना काकांनी ओटीचे छायाचित्र पाठवले, त्यात पाटी दिसत नव्हती. तिच्यावर कुणीतरी ओला टॉवेल वाळत घातला होता.